वाडग्याची कड

सुतळीच्या चौकटीत करंजाची सात रोपं होती, भोकराचं एक, आणि एक गोगलगाय. सगळ्यात उंच रोप एकोणीस सेंटीमीटर. खंडेराव पट्टी धरत होता, सायली वहीत लिहीत होती.

"काका, तुमचं वाडगं इथंच होतं ना?"

"व्हतं इथंच कुठं तरी. पर ताई, झाडं लई माजली. आता मलाबी सांगता येईना."

खाली शेतं पेरली, की खंडेराव आणि त्याची बायको दगडाबाई दीडशे मेंढरं घेऊन दौलताबादमागच्या या दरीत यायचे. मेंढरं कोंडायला बोरीच्या काट्यांचं वाडगं घालायचे, दाराशी राहायला पाल ठोकायचे. असे अकरा पावसाळे काढले. मग चराई बंद झाली, मेंढरं गेली, खंडेराव बजाजनगरात वॉचमन झाला. आता अडुसष्टाव्या वर्षी तो रोजंदारीवर सायलीची टेप वाहत होता. गर्द सावलीत रोपं कशी वाढतात, याचा ती विद्यापीठातर्फे अभ्यास करत होती.

त्यांचा पहिला मुलगा पाच दिवसांचा होऊन इथंच गेला. वाडग्याच्या दारातून बाहेर पडलं, की उजवीकडं चार पावलांवर त्याला पुरलं आणि वर दगड ठेवला. गेल्या साली दवाखान्यात दगडाबाई म्हणाली होती, "लेकराला एकदा निवद दावून या. आपल्याबिगर कोण हाय त्याला." ती गेल्यावर तो तीनदा येऊन शोधून गेला. दरीत दगडांना तोटा नव्हता. हे त्यानं सायलीलाही सांगितलं होतं.

पुढच्या चौकटीत सायली थबकली. करंजाची रोपं तीस-एकतीस सेंटीमीटर होती. तिनं उजेड मोजायचं यंत्र धरलं.

"सावली तेवढीच आहे. रोपंही गेल्याच पावसाळ्यातली." तिनं माती उकरली. काळीभोर, भुसभुशीत. "इथं कुणी खत टाकलंय?"

खंडेरावानं माती चिमटीत घेऊन हुंगली. "दीडशे मेंढरं अकरा साल मुतली, ताई. आनखी काय टाकायचं?"

"चाळीस वर्षं झाली त्याला."

"तुमच्या कालेजातलं खत नाय ते."

सायली हसली, मग वहीतले आधीचे आकडे पाहू लागली. "सावलीत रोप अडतं ते उजेडावाचून, असं मी धरून चालले होते. इथं तर मातीनंच फरक पडलाय."

"म्हंजी जिथवर रोपं उंच, तिथवर वाडगं?"

"तपासू या."

दुपारपर्यंत दोघांनी चारी बाजूंनी चौकटी टाकल्या. उंच रोपं जिथं संपत, तिथं खंडेराव चुना टाकी. रेघ वळत वळत आली आणि ओढ्याच्या अंगाला तुटली. तिथं दोन हात रुंदीत माती दगडासारखी कडक होती, रोपं खुरटी.

"दार," खंडेराव म्हणाला. "खुरांनी तुडवलेलं."

तो तिथं उभा राहिला. ओढ्याकडं तोंड करून उजवीकडं वळला आणि चार पावलं टाकली. पायाखाली पालापाचोळाच होता.

"तेव्हा तुमची पावलं लांब असतील, काका. आपण पुढे बघू."

"माझी नव्हती. मी खांदत व्हतो. पावलं तिनं मोजली. वली बाळंतीण. बारकं पाऊल पडायचं तिचं."

"केवढं?"

त्यानं दोन्ही हात समोर धरून अंतर दाखवलं. सायलीनं हातांमध्ये टेप धरली. अठ्ठेचाळीस सेंटीमीटर.

तिनं टेपचं टोक दाराच्या कडेला दाबून धरलं. चार पावलांवर, एक मीटर ब्याण्णव सेंटीमीटरवर, खंडेरावानं पाचोळा बाजूला सारला. खाली एक चपटा दगड होता. लांबी सव्वीस सेंटीमीटर, रुंदी सतरा.