रुमालाखालची चार बोटं

सिद्रामप्पांनी लातूरच्या गंजगोलाईत आडतीची गादी घातली, त्यांच्या मुलाने, गुंडप्पांनी, ती नावारूपाला आणली आणि गुंडप्पांच्या रेवणसिद्धांनी तिच्या जोडीला डाळीची गिरणी उभी केली. रेवणसिद्धांना मुलगा नव्हता. आता गादीवर कोण, अशी कुजबुज बाजारात सुरू झाली तेव्हा त्यांची एकुलती एक लेक दामिनी डोक्यावर पदर घेऊन गादीवर येऊन बसली आणि त्या दिवशीचे सगळे सौदे तिने एकटीने उरकले. कुजबुज तिथेच संपली. आज दामिनीबाईंनी सत्तरी ओलांडली आहे. गिरणीच्या फाटकातून त्यांची गाडी आत शिरली, की हमाल विडी विझवतात आणि मुनीम उगाच चष्मा पुसू लागतो.

या घराला एकच मिजास होती. सिद्रामप्पांच्या घरचा शब्द फिरत नाही, असे सारा बाजार म्हणे. दामिनीबाई हे ऐकत आणि विषय बदलीत. तो शब्द एकदा फिरला होता, आणि तो फिरताना पाहिलेले माणूस आता एकच उरले होते. त्या स्वतः.

तेव्हा त्या दहा-अकरा वर्षांच्या असतील. त्या काळी तुरीचा भाव तोंडाने बोलत नसत. दलाल आपल्या हातावर रुमाल टाकी आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून त्याची बोटे धरी. जितकी बोटे धरली तितका भाव. याला हत्ता म्हणत. नांदेडचे पाशामियाँ हे त्या वेळचे नामांकित दलाल. हंगामात त्यांचा मुक्काम लातूरलाच असे. त्या दिवशी तूर घेताना रेवणसिद्धांनी त्यांची चार बोटे धरली. पोत्यांच्या थप्पीला टेकून खाली बसलेल्या लहानग्या दामिनीला रुमालाच्या आतले सगळे दिसत होते. पाशामियाँचा अंगठा तेवढा मोकळा होता. करंगळी वडिलांच्या मुठीत होती.

दुपारी भाव कोसळला. संध्याकाळी रेवणसिद्ध म्हणाले, "मी तीनच धरली होती."

पंच बसले. पाशामियाँनी रेवणसिद्धांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिले. मग मान खाली घालून म्हणाले, "गलती मेरी है, अप्पा. हात ने धोका दिया." रुमाल खांद्यावर टाकून ते नांदेडला निघून गेले आणि पुन्हा त्यांनी तो कधी पसरला नाही. ज्याच्या हाताला बोटे कळत नाहीत त्या दलालापाशी कोण उभे राहणार? पुढे त्यांनी दोरा-बटणांचे लहानसे दुकान घातले. थोरल्या मुलाची, सादची, शाळा सुटली.

दामिनीने वडिलांना कधी विचारले नाही, वडिलांनी तिला कधी सांगितले नाही. दुसऱ्याला ठाऊक आहे हे मात्र दोघांनाही ठाऊक होते.

नियती म्हणा किंवा महाविद्यालयाच्या वसतिगृहाची व्यवस्था म्हणा, नांदेडला शिकायला गेल्यावर दामिनीच्या खोलीत जी मुलगी राहायला आली ती पाशामियाँची धाकटी लेक, सुमय्या. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "अब्बांनी सलाम सांगितलाय. म्हणाले, त्यांच्या हातून तुमच्या घराचं नुकसान झालं होतं, मनात ठेवू नका." दामिनीला त्यावर काय बोलावे ते सुचले नाही, आणि न सुचता पन्नास वर्षे गेली. त्या काळात तिने सुमय्यासाठी काय केले नाही! आजारपणात उशाशी बसली, लेकीच्या लग्नात पाहुण्यांची उठबस केली. एक वाक्य तेवढे बोलली नाही.

त्या वेळच्या मित्रमंडळींतले जे टिकले ते दरवर्षी थंडीत एका रविवारी एकत्र जेवतात. डॉक्टर वैजनाथ, त्यांची पत्नी तनुजा, रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सिद्धेश्वर, सुमय्या आणि दामिनीबाई. वाइनचा शौक डॉक्टरांचा. परदेशात शिकताना लागला तो त्यांनी सगळ्यांना लावला. बाटल्या झाकून ठेवायच्या आणि चवीवरून ओळखायच्या, हा खेळही त्यांनीच आणला. पण खेळात खोट अशी होती, की पहिला घोट घेऊन डॉक्टर काहीतरी बोलत आणि बाकीचे माना डोलावीत. कागदावर लिहायचे ठरवले, तर प्राध्यापक असूनही सिद्धेश्वर शेजारच्याचे पाहून लिहीत.

मग एका वर्षी जेवण आपल्या घरी असताना दामिनीबाईंनी हुकूम काढला. "बोलायचं नाही, लिहायचं नाही. हत्ता. रुमाल सुमय्याच्या हातावर."

सुमय्या दारूला शिवत नाही. ती म्हणाली, "बाटलीला हात लावणार नाही, ग्लासालाही नाही. आणि रुमालही नको, दामिनी. सादला कळलं तर रागावेल. अब्बांच्या ढिल्या हातानं माझी शाळा गेली, असं तो अजून म्हणतो."

"माझ्या घरात मी सांगते ते होतं," दामिनीबाई म्हणाल्या, आणि तसेच झाले. पाशामियाँच्या लेकीच्या हातावर रुमाल पुन्हा आला; चला, फिटले, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मनाने ती मानली नाही.

यंदा जेवण पुन्हा लातूरला, दामिनीबाईंकडे होते. डॉक्टरांच्या लेकीने, दीपमालाने, फ्रान्सहून वीस वर्षे मुरलेल्या तांबड्या वाइनच्या दोन सारख्या बाटल्या पाठवल्या होत्या. एक फोडायची, तिच्यासोबत नाशिककडच्या तीन नव्या बाटल्या ठेवायच्या आणि चारांतली जुनी कोणती ते ओळखायचे. ओळखेल त्याला दुसरी, बूच न काढलेली बाटली. स्वयंपाकीण गुणाबाईने आत स्वयंपाकघरात चारही बाटल्या डाळीच्या नमुन्याच्या तागाच्या पिशव्यांत घातल्या, खडूने आकडे टाकले आणि त्या टेबलावर आणून आपटल्या.

"ह्या काळ्या पाण्यापायी भाकरी गार होऊन राहिली, बाई," ती म्हणाली.

"होऊ दे. ठेचा झाकून ठेव."

"ठेचा नको म्हणजे नकोच," डॉक्टरांनी बजावले. "ठेचा खाल्लेल्या जिभेला वाइन आणि काढा सारखाच."

"आमची जीभ लहानपणापासून ठेच्यातच वाढली, डॉक्टर," सिद्धेश्वर म्हणाले. "तिला आता काय कळायचं न्हाई. पण ओता, लई वाट पाहिली."

तनुजा हसल्या. "यांना घरी दूध आणि ताक ओळखता येत नाही. इथं मात्र वीस वर्षांचा हिशेब सांगतात."

गुणाबाईने ओतले, सगळ्यांनी चाखले. दामिनीबाईंची पद्धत वेगळी. त्या डाळ पारखतात तशी वाइन पारखतात: आधी वास, मग जिभेच्या टोकावर थेंब, मग डोळे मिटून थोडा वेळ काहीच नाही. पहिली जांभळासारखी तुरट होती. दुसरी पातळ. चौथी मोठी दिमाखदार, तोंडात शिरल्याबरोबर लाकडाचा आणि लवंगेचा दरारा बसवणारी. तिसरी मात्र गप्प होती. तिचा तुरटपणा विरून गेला होता आणि मागे जुन्या कोठीतल्या धान्याचा, ऊन खाल्लेल्या फळीचा वास राहिला होता. कोठारात ज्याचे आयुष्य गेले त्याला हा वास सांगावा लागत नाही. दामिनीबाईंनी रुमालाखाली हात घालून सुमय्याची तीन बोटे धरली. एकेक जण उठून आपापली बोटे धरून आला. डॉक्टर आले ते चौथ्या ग्लासाकडे पाहत, ओठ चाटीत.

गुणाबाईने पिशव्या काढल्या. जुनी बाटली तिसरी निघाली.

"आता सांग, सुमय्या," तनुजा म्हणाल्या.

"सिद्धेश्वरची एक. तनुजा, तुझी दोन. डॉक्टरांची चार. दामिनीची तीन."

"चार?" डॉक्टरांनी ग्लास खाली ठेवला. "मी तीन धरली होती."

"चार होती, डॉक्टर."

"अगं, मला माझी बोटं कळत नाहीत होय? चाळीस वर्षं शस्त्रक्रिया केल्या या हातानं. पोटात हात घालून सांगायचो कुठं काय आहे ते. तुझ्याच मोजण्यात गडबड झाली असेल. तीन!"

ते हसत बोलत होते. खोटे बोलत होते की तेवढ्या वेळात त्यांचे त्यांनाच खरे वाटू लागले होते, हे त्यांचे त्यांना ठाऊक. सिद्धेश्वरही हसले. "हाव, सुमय्याबाई, वय झालं आता आपलं सगळ्यांचं."

सुमय्याने रुमाल बाजूला केला. आपला उजवा हात तिने उलटसुलट करून पाहिला, मूठ मिटली, उघडली. तिच्या तोंडावरचे हसू कधीच गेले होते. "मला तर वाटलं, करंगळीसुद्धा धरली होती," ती हळूच म्हणाली. "पण चूक माझीच असेल. आमच्या घरात हाच दोष आहे."

"जाऊ द्या हो," तनुजांनी सावरून घेतले. "दोघंही जिंकलात. दामिनीताई काय, यजमान आहेत, त्या बाटली थोड्याच ठेवून घेणार?"

ते खरेच होते. पाहुण्याच्या हातात बाटली द्यायची, हसायचे, ठेचा मागवायचा. तेवढ्याने भागत होते. पाच माणसांचा जुना स्नेह, पुढच्या वर्षीचे जेवण आणि सिद्रामप्पांच्या घरचे नाव, सगळे जागच्या जागी राहत होते. जात होती फक्त सुमय्याच्या हाताची पत, आणि त्या घरची ती तर साठ वर्षांपूर्वीच गेलेली होती.

दामिनीबाई उठल्या. बूच न काढलेली बाटली त्यांनी दोन्ही हातांनी डॉक्टरांपुढे धरली. "घ्या, डॉक्टर. मी माझा आकडा मागे घेते. बाटली एकट्या तुमची."

टाळ्या झाल्या. डॉक्टरांनी बाटली घेतली. दामिनीबाई मात्र खाली बसल्या नाहीत.

"आता बोलण्यात माझा लाभ उरला नाही, म्हणून बोलते. तुम्ही चार धरली होती."

"दामिनीबाई! तुम्ही काय रुमालाखाली बघत होता?"

"आज नाही. पूर्वी एकदा बघितलं होतं."

मग त्यांनी सांगितले. आवाज चढवला नाही, पाडला नाही. थप्पी, रुमाल, वडिलांची मूठ, मुठीतली करंगळी, संध्याकाळचे पंच. "माझ्या वडिलांनी चार बोटं धरली आणि तीन सांगितली. पाशामियाँचा हात चुकला नव्हता. त्यांनी आमच्या घराचा शब्द राखला आणि स्वतःचा घालवला. मी पाहिलं होतं आणि आजवर गप्प राहिले. दोष असेल तर तो आमच्या घरात आहे, सुमय्या. तुमच्या नाही."

डॉक्टरांनी हातातली बाटली सावकाश टेबलावर ठेवली आणि ती सुमय्याकडे सरकवली. "चार होती," ते म्हणाले. "चौथीवर माझा इतका विश्वास होता की..."

"ही मला कशाला? आंबवून सिरका करू?" सुमय्याने बाटली परत ढकलली. मग ती दामिनीबाईंकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. राग होता, आणि तो तिने लपवला नाही. "पन्नास वर्षं माझ्याजवळ बसलीस, दामिनी. अब्बा होते तेव्हाही बसलीस. आमच्या घरी येऊन जेवलीस."

"हो."

"तेव्हा का नाही?"

"बापाचं नाव होतं. दुसरं कारण नाही."

सुमय्याने दामिनीबाईंकडे बराच वेळ पाहिले, पंचांपुढे पाशामियाँनी रेवणसिद्धांकडे पाहिले होते तसेच. मग पिशवीतून मोबाइल काढला. "मला सांगून अर्धंच होतं. अब्बांना दोष देणारा नांदेडला बसलाय. त्याला सांग."

तिने नंबर लावला आणि मोबाइल टेबलाच्या मधोमध, चार बाटल्यांच्या शेजारी ठेवला. आवाज सगळ्यांना ऐकू यावा अशी सोयही करून ठेवली.

"सादभाई, मी लातूरहून दामिनी बोलते. रेवणसिद्धांची मुलगी."

"जी, बाई. बोला. सुमय्या बरी हाय ना?"

"बरी आहे." दामिनीबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. पलीकडून फक्त रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता.

"चार?" साद म्हणाले.

"चार. करंगळी मुठीत होती."

मग साद म्हणाले, "बाई, मला जरा कमी ऐकू येतं. पुन्हा एकदा सांगा."

सादना चांगले ऐकू येते, हे त्या टेबलावर सगळ्यांना माहीत होते. सिद्धेश्वर काही सांगायला पुढे झुकले. दामिनीबाईंनी हाताने त्यांना थांबवले. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, बाजाराच्या गादीवर पहिल्यांदा बसताना घेतला होता तसा, आणि ठेच्याची वाटी घेऊन दारात उभ्या राहिलेल्या गुणाबाईलाही स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"मी दामिनी. सिद्रामप्पांची पणती, गुंडप्पांची नात, रेवणसिद्धांची मुलगी. माझ्या वडिलांनी लातूरच्या गादीवर पाशामियाँची चार बोटं धरली आणि पंचांपुढे तीन सांगितली. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पाशामियाँचा हात खरा होता. आमचा शब्द खोटा होता. हे मी उद्या गंजगोलाईत, याच शब्दांत, चार माणसांपुढे सांगेन. तुम्ही या आणि तिथं उभे राहा."

पलीकडे कोणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला. साद उठून उभे राहिले असावेत.

"येतो, बाई," ते म्हणाले. आणि मग, पोचपावती द्यावी तसे: "पोचलं. पुरं पोचलं."