काचघरचा दुसरा आवाज

"नाव मोठं करा म्हटलं होतं मी," शिडीवर चढून बॅनरची दोरी ओढता ओढता पक्कड म्हणाला. "हे काय केलंय?"

बॅनरवर प्रेशर कुकर होता. 'जुना द्या, नवा न्या' अशी ठसठशीत अक्षरं होती, आणि कुकरच्या कडीशेजारी, जागा उरलीच आहे तर कोंबा, अशा थाटात 'सोबत गाणी : काचघर' एवढंच लिहिलं होतं. खाली उभ्या असलेल्या मॉलच्या मॅनेजरने मोबाइलमधून डोकं वर न काढता सांगितलं, "कुकरवाल्यांनी पैसे दिलेत. तुमच्या बँडने काय दिलंय?"

पक्कडकडे याचं उत्तर होतं. पण ते द्यायचं तर तीस वर्षं मागे जावं लागलं असतं, आणि मॅनेजर तेव्हा रांगत असणार. तो मुकाट्याने खाली उतरला आणि शिडी घडी करून भिंतीला लावली.

पक्कड म्हणजे त्या मॉलच्या लिफ्टचा मेकॅनिक. एकदा धरलं की सोडत नाही म्हणून मित्रांनी तरुणपणीच हे नाव पाडलं. पुढे हातात खरीखुरी पक्कड आली आणि नाव कायमचं चिकटलं. त्याने धरून ठेवलेल्या गोष्टींत सगळ्यात जुनी म्हणजे काचघर. चार पोरांचा बँड. गिटार, ड्रम, सगळा रॉकचा सरंजाम होता, पण उगाच आदळआपट नव्हती. चाली अशा गोड, की एकदा ऐकलेलं गाणं दुसऱ्या दिवशी भांडी घासताना आपोआप तोंडात यायचं. तीन कॅसेटी निघाल्या. तिन्ही आपटल्या. का आपटल्या, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही, आणि पक्कडचं डोकं तीस वर्षं याच एका गोष्टीवरून तापलेलं आहे. त्याची बायको म्हणते, माझा वाढदिवस विसरणारा हा माणूस, पण दुसरी कॅसेट कोणत्या महिन्यात आली हे झोपेतही सांगेल. खोटं नाही ते.

हा कार्यक्रम त्यानेच जमवला होता. मॉलच्या वर्धापनदिनाला गाणी ठेवायची आहेत हे कानावर आल्यापासून तो मॅनेजरच्या मागे हात धुऊन लागला. लिफ्टचं काम काढून त्याच्या केबिनमध्ये जायचा आणि काचघरवर घसरायचा. शेवटी मॅनेजर कंटाळून म्हणाला, आणा तुमच्या लोकांना, अर्धा तास देतो. लोक थांबले, टाळ्याबिळ्या पडल्या, तर आमच्या बाकीच्या मॉलमध्येही वर्षभर लावू. पक्कडने गायकाला फोन केला. गायकाने सांगितलं, की चार वर्षांत स्टेज पाहिलेलं नाही, आता बंदच करायचं ठरत होतं. हा एक करून बघतो. जमला तर पुढे, नाहीतर राम राम.

म्हणजे सगळं त्या अर्ध्या तासावर आलं होतं.

दुपार कलल्यावर मास्तर आणि कॅशियरबाई आले. मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झालेले, कॅशियरबाई बँकेत काउंटरवर. तिघांची ओळख काचघरच्याच एका कार्यक्रमात झाली होती, आणि तिघं भेटले की विषय एकच. मागच्या जिन्यावर चहाचे कागदी कप घेऊन ते बसले आणि नेहमीचं उगाळणं सुरू झालं. मास्तरांच्या मते चूक कंपनीची. सगळ्यात चांगलं गाणं त्यांनी कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, अगदी शेवटी टाकलं. तिथवर पोचायच्या आधीच लोक कॅसेट बंद करायचे. कॅशियरबाईंच्या मते चूक बँडचीच. मुलाखत द्यायला बोलावलं की चौघं खाली मान घालून बसायचे, जशी काही मुलगी दाखवायला आणलीय. आणि पक्कडच्या मते चूक लोकांची. लोकांना कानच नाहीत. ढोबळ, भडक, कानठळ्या बसवणारं काही असलं की गर्दी, आणि इथे सोनं ठेवलंय तर कुत्रं विचारत नाही.

"पक्कड, तीस वर्षं आपण हेच बोलतोय," मास्तर म्हणाले. "सोड आता. नाही चाललं ते नाही चाललं."

पक्कड तडकला. म्हणाला, सोडायचं तर तुम्ही सोडा, तुमची पेन्शन चालू आहे, तुम्हाला सोडायची सवय झालीय. मास्तरांना ते लागलं. कॅशियरबाईंनी विषय बदलला. त्यांनी विचारलं, 'उजेड ठेव' घेणार ना? पक्कड म्हणाला, न घेऊन सांगतात कुणाला. ते शेवटचं आहे, आणि आज या कुकरवाल्यांना कळू दे काय चीज आहे ती.

'उजेड ठेव' हे काचघरचं गाणं. कॅसेटमध्ये त्यात दोन आवाज आहेत. पहिला गायकाचा, आणि त्याच्या वरून जाणारा दुसरा कीबोर्डवाल्याचा. कीबोर्डवाला पुढे परदेशात निघून गेला आणि त्याची जागा भरायला कुणी मिळेना. मग एका कार्यक्रमात शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्यं थांबली, गायकाने नुसता हात वर केला, आणि समोरच्या लोकांनी दुसऱ्या आवाजाची ओळ आपणहून उचलली. 'जाशील तेव्हा दार ओढून घे, उजेड मात्र ठेव.' कुणी सूर दिला नव्हता. तरी पुढे गिटार वाजली तेव्हा ती लोकांच्या सुरावर बरोब्बर येऊन बसली, कारण कॅसेट ऐकून ऐकून तो सूर प्रत्येकाच्या हाडात मुरला होता. तेव्हापासून ती रीतच पडली. सुराशिवाय उचलायचं, आणि चुकायचं नाही. ही त्या लोकांची ऐट होती.

पक्कडने तर ती ओळ लिफ्टच्या शाफ्टमध्ये घोटली होती. त्या उंच, अंधाऱ्या बोगद्यात डब्याच्या डोक्यावर उभं राहून गायलं की आवाज वरपर्यंत जातो आणि दुप्पट होऊन परत येतो. वेगवेगळ्या इमारतींतल्या रहिवाशांनी याबद्दल तक्रारी केल्या होत्या. एका आजींना तर वाटलं होतं, आत कुणीतरी अडकलंय.

संध्याकाळी बँड आला. गायकाचे केस मागे सरकले होते, नाकावर चष्मा होता. जुन्यांपैकी गिटारवाला तेवढा उरला होता, आणि ड्रमवर गायकाचा भाचा. पक्कडने मालाच्या लिफ्टमधून सामान स्वतः वर नेलं, वायरी ओढायला मदत केली आणि गायकाचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, दादा, आम्ही पुढेच आहोत, काळजी नको. गायक काहीतरी सांगायला थांबला होता. पण तेवढ्यात मॅनेजरने हाक मारली, आणि ते राहून गेलं.

पहिल्या गाण्याला लोक येत-जात राहिले. दुसऱ्याला थोडे थांबले. एक बाई पिशव्या खाली ठेवून पायाने ताल धरायला लागली, सरकत्या जिन्यावरून उतरणारी माणसं माना वळवून बघायला लागली, आणि पक्कड हरखून आणखी पुढे सरकला. त्याने मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरने मोबाइल खिशात घातला होता. तीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी जमून येत होतं.

मग 'उजेड ठेव' सुरू झालं. कॅशियरबाईंनी कपाळाला आठी घालून पक्कडकडे बघितलं. त्यालाही काहीतरी वेगळं वाटलं होतं, गाणं जरा जड, जरा थकल्यासारखं. पण त्याने ते मॉलच्या स्पीकरवर ढकललं. असले भिकार स्पीकर, दुसरं काय होणार. शिवाय त्याचं अर्धं लक्ष पुढच्या जागेकडे होतं. ती जागा आली. वाद्यं थांबली. गायकाने हात वर केला, आणि मॉलमध्ये एकदम शांत झालं.

पक्कडने छाती भरून ओळ उचलली. मास्तरांनी उचलली, कॅशियरबाईंनी उचलली, इकडेतिकडे विखुरलेल्या जुन्या दहा-बारा डोक्यांनी उचलली. खणखणीत, जिथल्या तिथे, कॅसेटच्या सुरात. लोक चकित होऊन त्यांच्याकडे बघायला लागले. आणि मग गिटार आली. ती खाली होती. चांगली खाली.

गाणं खालच्या सुरात उतरवलं होतं. वय झालं होतं गायकाचं, त्याने आपल्या गळ्याला झेपेल अशी पट्टी धरली होती, आणि ही मंडळी डोळे मिटून तीस वर्षांपूर्वीच्या जागी उभी होती. दोन सूर एकमेकांवर घासले. कुणीतरी हसलं. एका पोरीने कानांवर हात ठेवले. पक्कडने डोळे उघडले, पण तोंड थांबेना. इतक्या वर्षांची सवय, ती एका क्षणात कशी सुटणार. त्याने गायकाकडे बघितलं, तर गायक त्यांच्याकडेच बघत होता. मग गायकाने मान मागे टाकली आणि आपला सूर सोडून त्यांच्याकडे वर यायला निघाला. दोन शब्द चढला. 'उजेड' म्हणताना आवाज फाटला. माइकसमोर, सगळ्यांच्या देखत, आणि पुढचं 'मात्र ठेव' निघालंच नाही.

टाळ्या पडल्या, त्या कशा पडल्या ते सांगायला नको. पिशवीवाली बाई पिशव्या उचलून निघून गेली. मॅनेजरने माइक हातात घेतला आणि जुन्या कुकरची अदलाबदल सुरू झाल्याचं जाहीर केलं.

सामान खाली नेताना मालाच्या लिफ्टमध्ये पक्कड आणि गायक दोघंच होते. बाकीचं सामान भाचा दुसऱ्या खेपेला आणणार होता. पक्कडने बटण दाबलं. ती लिफ्ट मुळातच सावकाश चालणारी, आणि आज तर तिला उतरायचंच नाही असं वाटत होतं.

"दादा, घात केला आम्ही," पक्कड म्हणाला.

"छे. सूर तुमचाच बरोबर होता." गायक अँप्लिफायरवर बसला होता. "मी मगाशी सांगणार होतो, पट्टी उतरवलीय म्हणून. मग लाज वाटली."

 पक्कडने विचारलं, "पण मग तुम्ही वर कशाला आलात? तुम्ही तिथेच राहिला असता, तर आम्ही आलो असतो की खाली."

"तुमची तोंडं बघितली मी. इतके खुशीत गात होतात. म्हटलं, आज एक दिवस पोचेन." तो हसला, पण ते हसू काही टिकलं नाही. "घरी सराव केला नाही, बायको म्हणाली असती, पुरे आता. गाडीत बसून, काचा वर करून नवीन पट्टी बसवली. चांगली बसली होती. तुम्ही सगळे भेटता, प्रेमाने बोलता, नाही म्हणत नाही मी. पण जो तो तेव्हाचंच सांगतो. तेव्हा काय गायलात, तेव्हा काय आवाज होता. आता कसं गाता, हे कुणी विचारत नाही हो."

लिफ्ट खाली टेकली. पक्कडने दार सरकवलं. अँप्लिफायर उचलायला तो पुढे झाला, तर गायकाने मानेनेच नको म्हटलं आणि स्वतः उचलून गाडीकडे गेला. पक्कड दार धरून उभा राहिला. कंपनीवाले, मॅनेजर, कुकरवाले, बिनकानाची जनता, इतकी वर्षं ज्यांना ज्यांना शिव्या घातल्या, त्यातलं आज कुणीच आड आलं नव्हतं. लोक तर थांबले होते. त्याला स्वतःचीच इतकी चीड आली, की घरी जाऊन तो जेवणावरून उठला.

पुढच्या आठवड्यात कॅशियरबाईंचा फोन आला. काचघर बंद. गिटारवाल्याने दोन ओळींत कळवलं होतं, कुणाला दोष दिला नव्हता. मग मास्तरांचाही फोन आला. त्यांनी नेहमीचं 'सोड आता' उच्चारलं नाही. नुसतं विचारलं, बरा आहेस ना? पक्कड म्हणाला, बरा आहे, कामावर आहे, एका इमारतीतली लिफ्ट अडकतेय. जिन्यावर बोललो ते मनावर घेऊ नका, असंही म्हणाला. मास्तर म्हणाले, ते मी तेव्हाच विसरलो.

फोन खिशात टाकून त्याने लिफ्ट बंद ठेवल्याची पाटी लावली आणि डब्याच्या डोक्यावर चढला. रुळांना ग्रीस लावून झालं, दोर तपासून झाले. मग तो हात पुसत तसाच उभा राहिला. सवयीने ओळ तोंडात आली, ती जुन्याच जागी. त्याने जीभ चावली. पुन्हा सुरू केली, थोडी खाली. तीही त्या संध्याकाळी गिटारने धरलेल्या सुरापेक्षा वरच होती. पुन्हा. खालून कुणीतरी दार ठोठावून विचारलं, अजून किती वेळ. झालंच, म्हणून त्याने सांगितलं. चौथ्या-पाचव्या खेपेला सूर सापडला. गायकाच्या नवीन पट्टीवर, नेमका जिथे असायला हवा तिथे. तिथे गाणं निराळंच वाटत होतं. थकलेलं नव्हतं ते, नीट ऐकलं असतं तर वाईट नव्हतं.

त्याने दुसऱ्या आवाजाची ओळ पूर्ण म्हटली. मग गायकाचा पहिला आवाज जिथे येतो तिथे तो थांबला, तेवढी जागा मोकळी सोडली, आणि ती संपल्यावर पुढची ओळ उचलली.