अठ्ठेचाळीसपैकी सेहेचाळीस

गोजराबाईंचा गुडघा हा त्या महिन्यातला आमच्या हॉस्पिटलचा सर्वांत यशस्वी गुडघा होता. मी हे छातीठोकपणे सांगू शकते, कारण तो यशस्वी मीच ठरवला.

मी सबिहा. नेरुळच्या एका हाडांच्या हॉस्पिटलात फॉलोअपचे फोन करते. सांधा बदललेल्या पेशंटला सातव्या दिवशी, पंधराव्या दिवशी, दीड महिन्याने आणि तीन महिन्यांनी फोन लावायचा, बारा प्रश्न विचारायचे, प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण द्यायचे. बेरीज कॉम्प्युटर करतो. चाळीसच्या वर गेली की रकाना हिरवा होतो आणि हिरव्या रकान्याकडे दुसऱ्यांदा कोणी ढुंकून बघत नाही. फोनवर मी फार गोड बोलते. घरचे म्हणतात, फक्त फोनवरच.

गोजराबाई जासईच्या. वय सदुसष्ट. त्यांची भातशेती होती तिथे आता कंटेनर यार्ड आहे आणि मुलगा प्रीतम त्याच यार्डात सुपरवायझर. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी कागदांवर सह्या घ्यायला गेले, तेव्हा बाई डॉक्टरांना एकच गोष्ट विचारत होत्या, "मोरीत एकटी जाईन ना?" दोन वर्षं सून हात धरून नेत होती आणि त्याची त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायची. डॉक्टर हसून म्हणाले, "पळत जाल."

फॉर्मवर प्रीतमने स्वतःचा नंबर लिहिला. सगळेच लिहितात. माझ्या अम्मीच्या कागदांवरही माझ्या भावाचा, रमीजचा नंबर असतो. घरातल्या बाईचं दुखणं घरातल्या पुरुषाने सांगायचं, यात मलाही कधी काही खटकलं नव्हतं.

"किती दुखतं? अजिबात नाही, थोडं, की खूप?"

"झिरो, मॅडम. आय एकदम मजेत हाय."

"आईंना जिना चढताना त्रास?"

"काय पन त्रास नाय."

"कपडे, अंघोळ?"

"नमिता करते सगला. टेन्शनच नाय."

नमिता त्याची बायको. मी पूर्ण गुण दिले, 'व्हेरी गुड' म्हटलं आणि पुढचा नंबर लावला. जिना चढलाच नाही तर त्रास कुठून होणार, हा प्रश्न माझ्या बारा प्रश्नांत नव्हता. आणि माझ्या डोक्यातही नव्हता, हे खरं.

दीड महिन्याने तपासणीला यायचं होतं. प्रीतम म्हणाला, "रस्त्याला ट्रेलरची लाइन हाय, मॅडम. आयला धक्के बसतील. आणायलाच पायजे का?" मी स्कोअर बघितला. अठ्ठेचाळीसपैकी सेहेचाळीस. म्हटलं, मग सावकाश आणा. महिन्याच्या मीटिंगला तो आकडा पडद्यावर झळकला, टाळ्या वाजल्या, आणि मीही निर्लज्जासारखं हसून घेतलं.

सावकाश म्हणजे पाचवा महिना उजाडला. प्रीतम आईला दोन्ही हातांवर उचलूनच आत आला. वॉर्डबॉयने व्हीलचेअर पुढे केली तर मानेनेच नको म्हणाला. डॉक्टरांनी लुगडं वर सारलं. गुडघा अर्धवट वाकलेला, तसाच घट्ट. सरळ होईना, आणखी वाकेनाही.

"यांना चालवलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय डॉक्टर." प्रीतमच्या आवाजात चक्क अभिमान होता. "पाच महिनं आयचा पाय जमिनीला लागू नाय दिला. गुडघ्याखाली दोन उश्या, चोवीस तास. सगला खाटंवर. तुमचा व्यायामवाला आलेला घरी. त्यानं पाय वाकवला तं आय किंचालली. मी त्याला परत पाठवला. बोललो, पुन्हा येऊ नको."

गावात त्याचं केवढं कौतुक झालं असेल, ते मला उभ्या जागी ऐकू आलं.

"दुसऱ्या दिवसापासून चालवायचं असतं. रडल्या तरी. सांगितलं होतं ना?"

"सांगलेला. पन रडत व्हती ओ."

डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली. "पहिल्या दोन-तीन महिन्यांत आला असतात तर भूल देऊन वाकवता आला असता. आता जोर लावला तर हाड मोडेल. पुन्हा उघडायचा, तर यांच्या हृदयाला ते झेपणार नाही." मग त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. सगळे रकाने हिरवेगार. "फॉलोअप कोणी केलाय?"

मी दारातच उभी होते. म्हटलं, "मी."

प्रीतमने आवाज ओळखला. "तुमीच ना मॅडम? तुमी दर टायमाला व्हेरी गुड बोलल्या." तो रागाने बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता विचारत होता.

मग तो गाडी दारापाशी आणायला गेला आणि मी बाहेरच्या बाकावर गोजराबाईंशेजारी बसले. मला स्वतःची शिसारी आली होती, आणि तरी तोंडातून निघालं ते हेच, "मावशी, तुम्ही तरी सांगायचं होतंत. त्याला नाही, तर निदान मला."

त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं.

"तुजा फोन आला का प्रीतम स्पीकर लावायचा. मी तयंच असायची, खाटंवर. तू इचारायचीस, आय झोपते का, आय जिना चरते का. मना वाटायचा, आता बोलल, फोन आयला दे. चार येला वाट बगली."

"काय सांगणार होतात?"

"का मना उभी करा."

प्रीतम परत आला, खाली वाकला आणि त्याने आईला उचललं. बाईंनी सवयीने त्याच्या गळ्यात हात टाकले. तो इतक्या माणसांत हुंदके देऊन रडत होता आणि त्या त्याची पाठ थोपटत सांगत होत्या, "नको रडू, बाला. तुजी काय चूक नाय."

मला त्या तसं काही म्हणाल्या नाहीत.