वस्तऱ्याची धार

"धोंडुबाई, तेवढी दाढी काढू द्या की. माणूस कसा नीटस दिसंल," सरपंच बापूसो अंगणातूनच म्हणाले. आजवर 'धोंडे' म्हणणाऱ्या तोंडाला आज 'बाई' जमली होती. उंबरा ओलांडणं मात्र अजून जमत नव्हतं. त्यांच्यामागं गुंडू न्हावी धोकटी छातीशी धरून उभा होता.

आत धोंडुबाईचा नवरा सयाजी पांढऱ्या चादरीखाली निजल्यासारखा पडला होता. छातीवर दाढी रुळत होती.

सयाजी कोल्हापुरात एसटीच्या वर्कशॉपात हेल्पर होता. तिथं कुठल्याही खुर्चीत बसला असता तरी गाल गुळगुळीत झाले असते. पण ह्या गड्याला दाढी हवी होती ती आपल्या गावात, गावच्या न्हाव्याकडून. बौद्धवाड्याला विहीर खुली करून झाली, चावडीपुढनं पायताण घालून चालून झालं. मग त्यानं हे नवं खूळ काढलं. दर बाजारच्या दिवशी तो गुंडूच्या दुकानापुढच्या फळीवर जाऊन बसायचा.

"गुंडू, दाढी."

"वस्तरा बोथट हाय, सयाजी."

"लाव धार. म्होरल्या बाजारी येतो."

गुंडू मनानं वाईट नव्हता. पण सयाजीच्या गालाला हात लागला असता, तर गाव त्याच्या दुकानाची पायरी चढलं नसतं. सयाजीनं फिर्याद दिली. फौजदार आले. गुंडूनं त्यांनाही बोथट वस्तराच दाखवला, आणि फौजदारांना तो पटलाही! तेव्हापासून सयाजीनं दाढी सोडली ती सोडलीच. कोल्हापुरात बिंदू चौकातल्या चळवळीच्या सभेत एखादा नवखा विचारायचा, "पावणं, नवस हाय काय?"

"व्हय. गावाचा," सयाजी म्हणायचा.

घरी धोंडुबाई कुरकुरायची, "बोकडासंगं लगीन लागलंय माझं." आणि रात्री त्याच दाढीला तेल चोळायची.

"कोल्हापूरस्नं चळवळीची मंडळी निघाल्यात," बापूसो म्हणाले. "पेपरवालं फोटू काढणार. दाढी दिसली की नाव गावाचंच जातंय. गुंडू फुकट करतोय म्हणं."

"फुकट?" धोंडुबाई उठून दारात आली. "जित्यापणी पैसं मुठीत धरून बसायचा माझा मालक. तवा वस्तरा बोथट. आता मेल्यावर धार आली व्हय रं, गुंडू?"

गुंडूनं मान खाली घातली.

"मेल्याची नगं. जित्याची कर." तिनं अंगणात बसलेल्या दिराला, कृष्णातला, मनगट धरून उठवलं. दवाखान्यात भावाच्या उशाशी बसून त्याचेही खुंट वाढले होते. "ह्येची. दुकानात, खुर्चीत बसवून. समद्या गावाम्होरं."

"सुतकात दाढी?" बापूसो चरकले.

"सुतक आमी कवाच सोडलं, बुद्धाचं झालो तवा. आन ह्यास्नी आता कसली घाई न्हाय." तिनं पदर खोचला. "पेपरवाल्यांस्नी मी जे झालं तेच सांगणार. काय झालेलं सांगायचं, ते तुमी ठरवा."

बापूसोंनी गुंडूकडं डोळे वटारले. गुंडूनं तिकडं पाहिलंच नाही. धोकटी काखेत मारून तो दुकानाच्या वाटेला लागला.

बघता बघता दुकानापुढं गर्दी जमली. पाटलाच्या बुडानं गुळगुळीत झालेल्या खुर्चीत कृष्णात अवघडून बसला. गुंडूनं त्याच्या गळ्याभोवती फडकं बांधलं, साबणाचा फेस चढवला. वस्तरा गालावर टेकवून खाली ओढला. पांढऱ्या फेसात लाल ठिपका उमटला.

"चुकलं रं, कृष्णात," गुंडू पुटपुटला आणि तुरटी शोधू लागला.

धोंडुबाईनं वाकून बघितलं.

"रगात आलं की," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "म्हंजे वस्तरा बोथट न्हवता."

गुंडूला तुरटी हाताशी असून सापडेना. मग डोळे पुसून त्यानं दुसरा गाल हाती घेतला. तो मात्र त्यानं असा केला, की लग्नातल्या नवरदेवाचाही केला नसेल.

धोंडुबाई घरी आली. वेशीत मोटारींचा आवाज झाला तेव्हा ती सयाजीच्या उशाशी बसून आपल्या फणीनं त्याची दाढी विंचरत होती. फोटोत नीट दिसावी म्हणून.