गोलकीपरची जर्सी

दक्षिण गॅलरीतल्या कट्टर चाहत्यांनी संघाला कुंपणापाशी बोलावलं, तेव्हा डेटलेफ क्रावचिकला नाही म्हणता आलं नाही. हरल्यावर तिथे जायचं आणि लोक बोलतील ते मान खाली घालून ऐकायचं, ही त्या कोळशाच्या गावातली रीतच होती. खेळाडू म्हणून डेटलेफने उमेदीची सगळी वर्षं याच क्लबचा बचाव सांभाळण्यात घालवली. नाक मोडलं, गुडघा कायमचा गेला, पण गॅलरीने त्याला कधी शिवी दिली नाही. पुढे ट्रेनर झाल्यावर मात्र जिथे गेला तिथून त्याला काढून टाकलं. शेवटी मार्चमध्ये घरच्या क्लबने बोलावलं, आणि आज तोच क्लब खालच्या लीगमध्ये गेला होता.

बरोबरी झाली असती तरी तगून राहायला आणखी दोन सामने मिळणार होते. पण अगदी शेवटी कॉर्नर मिळाला आणि डेटलेफला हाव सुटली. जिंकलो तर आजच सुटलो. त्याने हात करून गोलकीपर हेनिंग ब्रोकमानला पुढे पाठवलं. समोरच्यांनी चेंडू लांब परतवला आणि तो मागे रिकाम्या गोलमध्ये घरंगळत गेला. तो हात बाकावरच्या दोघातिघांखेरीज कुणी पाहिला नव्हता. गॅलरीला दिसलं ते एवढंच, की हेनिंग जागा सोडून धावत सुटला.

कुंपणावर भोंगा घेऊन गॅलरीचा म्होरक्या मान्नी बसला होता. डेटलेफच्या पहिल्या सामन्यालाही तो तिथेच होता. आता म्हातारा झाला होता. त्याने सांगितलं, बाकीच्यांनी जर्स्या ठेवाव्यात, पण हेनिंगने आपली काढून द्यावी. ती घालायची त्याची लायकी नाही. मागून कुणीतरी विचारलं, गोल कुठे असतो ठाऊक आहे का रे, की नकाशा देऊ? हशा पिकला. शिव्या परवडल्या असत्या.

हेनिंग डेटलेफजवळ सरकला.

"सांगा ना, ट्रेनर," तो हळूच म्हणाला. "तुम्हीच पाठवलंत मला. एवढंच सांगा, बाकी मी बघतो."

मान्नीने भोंगा खाली धरला. "बोल बाबा. तू आपल्या घरचा. तू म्हणशील ते ऐकू आम्ही."

डेटलेफने भोंगा घेतला. या गावाबाहेर त्याला आता कुणी काम देणार नव्हतं, आणि गावात या गॅलरीखेरीज त्याचं कुणी नव्हतं. वाक्य तयार होतं, छोटंसंच होतं. त्याने घसा खाकरला. मग भोंगा परत दिला.

"काढ, हेनिंग," तो म्हणाला. "लवकर आटपेल."

हेनिंगने ती वर ओढायला घेतली. हातमोज्यांमुळे जर्सी डोक्यात अडकली, तेव्हा डेटलेफनेच ती ओढून काढली आणि वर दिली. मान्नीने वाकून डेटलेफचा गाल थोपटला. पुढच्या वर्षी तूच आपल्याला वर आणशील, असं म्हणाला, आणि गॅलरीत डेटलेफच्या नावाचा घोष सुरू झाला.

हेनिंग उघड्या अंगाने आत निघाला. बाकीचे खेळाडू अंतर ठेवून त्याच्या मागे. वारा गार होता. आपलं जाकीट त्याच्या खांद्यावर टाकावं, असं डेटलेफला वाटलं. पण लोक अजून बघत होते.