कुठल्या पोत्याचा गहू

"भैया, आपके घर का गेहूँ इनमें से कौनसी बोरी से जाता है?"

विभानं हा प्रश्न विचारला तेव्हा तिच्या मागे रांगेत तीसेक बाया उभ्या होत्या, आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला चिकटून, इंदू आणि पुष्पा हसू दाबत उभ्या होत्या. पैज त्यांचीच. मधल्या सुट्टीत ठरली होती. विचारलं तर आठवडाभर इंदूचा अर्धा डबा विभाचा. नाही विचारलं तर विभानं वर्गात बाकावर उभं राहून "मी भित्री आहे" म्हणायचं.

"नाही विचारत तू," इंदू म्हणाली होती. "तुझी सगळी हुशारी शाळेच्या फाटकापर्यंत."

आता विभाला भित्री म्हणणं म्हणजे काय झालं. वर्षभरापूर्वीची विभा वेगळी होती, बाईंनी नाव पुकारलं तरी तिचा घसा बसायचा. पण उन्हाळ्यात आईचा गुडघा आखडला आणि जबलपूरच्या घमापुरातल्या, कामगारांच्या सस्त्या भांडारात धान्य आणायचं काम विभाकडे आलं, आणि पोरगी बदललीच. याचं श्रेय वरच्या खोलीतल्या नर्मदामावशीला. नर्मदामावशी मागच्या महायुद्धापासून रांगा धरत आलेली, विधवा, एकटी बाई. तिनं विभाला सगळ्या खाचाखोचा शिकवल्या होत्या. माल आला त्या दिवशी कधी जायचं नाही, त्या दिवशी मागच्या खेपेचा गाळ काढतात. दुसऱ्या दिवशी जायचं. पोत्यात हात कोपरापर्यंत घालायचा, कारण वरचा थर नवरीसारखा नटवलेला असतो. पारडं हलत असताना तोलणारा बळीराम ते उचलायला लागला की म्हणायचं, "भैया, जरा सुस्ताने दो बेचारे को." डाळ ओल्या बोटानं चोळायची, रंग सुटला तर राहू दे म्हणायचं. पोत्यातला मूठभर दाणा रुमालाच्या टोकाला गाठ मारून घरी न्यायचा, म्हणजे पुढच्या खेपेला ताडून पाहता येतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, माल पिशवीत पडेस्तोवर कार्ड हातातून सोडायचं नाही.

"हात सुटला की कार्ड त्यांचं," मावशी म्हणायची.

हे सगळं विभानं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं आणि वर्गातल्या निम्म्या मुलींच्या आया ते पान उतरवून घेत होत्या. भांडाराची ती जवळजवळ पंडितीण झाली होती.

आणि त्या दिवशी पंडितिणीनं शेवटचाच नियम मोडला. दोन्ही हात कमरेवर ठेवल्याशिवाय असा प्रश्न शोभत नाही, म्हणून तिनं कार्ड फळीवर ठेवलं, मग हात कमरेवर ठेवले, आणि विचारलं.

आधी हशा पिकला. "सही पूछी छोरी ने," मागून कुणीतरी म्हणालं. विभाला वाटलं आपण दोन बोटं उंच झालो.

मग तिनं बळीरामकडे पाहिलं. तो हसत नव्हता. त्याच्या हातातलं माप पोत्यातच राहिलं होतं आणि त्याची नजर मागच्या जाळीकडे गेली होती. जाळीमागे भांडाराचे बडे बाबू बसायचे. एरवी तिथून टाकाची कुरकुर ऐकू यायची. ती थांबली होती.

"कार्ड किसका है?"

बडे बाबू बाहेर आले. त्यांनी फळीवरचं कार्ड उचललं आणि चष्मा कपाळावर सारून मोठ्यानं वाचलं. मुरलीधर घाटोळे. फिटर. मग बाबांचा कारखान्यातला हजेरीचा टिकट नंबर, एकेक आकडा सुटा सुटा. रांगेतला हशा कुठं गेला कळलंच नाही. विभाच्या मागची बाई, जी आत्ता तिच्याशी वांग्याच्या भावाबद्दल बोलत होती, ती पिशवी छातीशी धरून हातभर मागे सरकली.

ते पासष्टच्या सप्टेंबरचे दिवस होते. सरहद्दीवर लढाई पेटली होती आणि जबलपुरात प्रत्येक घराच्या काचांना काळा कागद लागला होता. बंदुका-तोफांचे सरकारी कारखाने जिथं, तिथं बॉम्ब आधी पडणार, हे शेंबडं पोरही सांगायचं. शाळेच्या मैदानात खंदक खणले होते. चौकातल्या भिंतीवर पाटी होती, अफवाहों से बचिए, आणि पलीकडच्या गल्लीतला एक माणूस पानठेल्यावर काहीतरी बोलला म्हणून त्याला नेलं होतं. चार दिवसांनी परत आला. तेव्हापासून तो दार लावून बसायचा आणि कुणी हाक मारली तर बायको बाहेर यायची.

"बिटिया," बडे बाबू अगदी हळू, मायेनं बोलावं तसे बोलले, "लड़ाई का बखत है. सरकारी अनाज के बारे में ऐसी बात किसने सिखाई पूछना?"

विभानं कार्डासाठी हात पुढं केला.

"बलीराम, इसको पीछे वाली बोरी से दे दो. अब पूछने को कुछ रहा नहीं न, बिटिया?"

बळीराम फळीमागच्या पडद्यामागे गेला, तिथली पोती रांगेला कधी दिसत नसत. पिशवी भरून आणली, तोलली, आणि न सांगता वर एक मूठ घातली. पिशवी देताना तो खाली वाकला. "काहे पूछा, बिटिया," इतकंच म्हणाला, आणि त्याचा आवाज बडे बाबूंपेक्षाही घाबरलेला होता.

कार्ड बडे बाबूंच्या खणात गेलं.

"पिताजी को बोलना, कल चार बजे आकर ले जाएँ. और तुम नाम याद करके रखना."

विभा वळली. भिंतीजवळ इंदू नव्हती, पुष्पा नव्हती.

घरी आईनं पिशवी सुपात ओतली आणि तिचा चेहरा उजळला. "अगं बाई, हा कोणता गहू? खडा नाही, किडा नाही. मझौलीच्या धान्यबाजारात असा दिसते." दाणा खरंच टपोरा, पिवळसर होता. महिनोन् महिने त्यांनी खाल्लेला गहू म्हणजे निम्मी माती आणि निम्मा पोकळ दाणा. आईनं लगेच अर्धा गहू कोपऱ्यावरच्या चक्कीवर पाठवला, कणीक भिजवली आणि बाबांच्या रात्रपाळीच्या डब्यात त्याच गव्हाच्या चपात्या बांधल्या.

"कार्ड कोठं आहे?"

"शिक्का राहिला. उद्या देतो म्हणाले." विभा आईशी क्वचित खोटं बोलायची. हे इतकं सहज कसं आलं, याचीच तिला भीती वाटली.

बाबांनी डबा सायकलच्या मुठीला अडकवला. त्यांना सांगायला पाहिजे, आत्ता सांगायला पाहिजे, असं म्हणत म्हणत ती दारापर्यंत गेली आणि म्हणाली काय, तर "बाबा, चाकात हवा कमी आहे." ते हसले आणि गेले.

दिवेलागणीला मागच्या दाराची कडी वाजली. इंदू होती. आत आली नाही.

"तू माझं नाव घेशील का?"

आई ऐकेल म्हणून विभानं दार मागे ओढून घेतलं.

"माझे बाबा अजून कच्चे आहेत नं कारखान्यात," इंदू म्हणाली. "तुझ्या बाबांसारखे पक्के नाहीत. या डिसेंबरात पक्कं करतो म्हणाले. नाव गेलं त उद्याच काढतीन त्यांना." ती फ्रॉकचं टोक पिळत होती. दुपारी हीच पोरगी हुशारी फाटकापर्यंत म्हणून चिडवत होती. "अर्धा नाही, पूर्ण डबा देतो मी तुला. महिनाभर."

"डबा नको मला, इंदे."

"मग नाव घेशील?"

"जा घरी. अंधार पडून राहिला."

इंदू गेली. उत्तर न घेताच गेली, आणि ते विभाला जास्त लागलं. त्यानंतर गल्लीत सायकलची घंटी वाजली की तिला वाटायचं, न्यायला आले. जेवताना आई म्हणाली, "खा नं, आज त पोळी कशी पांढरी झाली आहे." घास तोंडात फिरत राहिला. गोड होती पोळी. तेच तर वाईट होतं. इतका गोड गहू त्या पडद्यामागे कधीपासून होता आणि कुणाच्या घरी जात होता?

सकाळी सातला कारखान्याचा भोंगा झाला. बाबा साडेसातला यायचे. आठ झाले. आईनं दोनदा चहा गरम केला. पावणेनऊला बाबा आले ते सायकल हातात धरून, चालत. जोडे न काढता खाटेवर बसले. एवढं पाहूनच आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "फाटकावर भांडाराचा माणूस उभा होता. सगळ्या पाळीसमोर माझं नाव घेऊन दिला." आणि त्यांनी वाचलं. मेरी पुत्री ने फलाने के बहकावे में आकर सरकारी अनाज के विषय में झूठी अफवाह फैलाई, इसके लिए मैं क्षमा चाहता हूँ. जिथं नाव हवं तिथं रेघ होती, आणि रेघेवर काही नव्हतं.

"विभे," आई खाली बसली, "काय करून आली तू?"

विभानं सगळं सांगितलं. प्रश्न सांगितला, कमरेवरचे हात सांगितले, पडद्यामागचं पोतं सांगितलं. पैज सांगितली, पण कुणाशी ते नाही. सांगताना बाबा रागावतील याची ती वाट पाहत होती. रागावले असते तर बरं झालं असतं. ते कागदाची घडी घालत होते, परत उघडत होते.  विभानं आजवर बाबांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"नाव सांग," ते म्हणाले. "मी सही करतो, कार्ड घेतो, संपलं. लढाईचा कायदा आहे बेटा. पक्का माणूस असला तरी काही खरं नाही."

विभानं नाही म्हणून मान हलवली.

आई गुडघा धरून उठली. मग तिनं वरच्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नर्मदाबाईचं लिहा. शिकवलं त तिनंच हे सगळं. एकटी बाई, तिला कोण काय करणार आहे? नोकरी नाही, लेकरू नाही."

बाबांनी खिशाला लावलेलं पेन काढलं.

वरून मावशीच्या पाट्यावर काही वाटल्याचा आवाज येत होता. एकटीचं पाव वाटी वाटण, दोन मिनिटांत थांबलं. विभाच्या मनात आलं, मावशीकडेही एक कार्ड आहे. ते एकदा त्या खणात गेलं तर आणायला चालत जाणारं कुणी नाही.

"आणि वरून मीच मूर्ख," बाबा पेनाचं टोपण फिरवत म्हणाले. "रात्री डबा उघडला, चौघांना वाटला. सगळे विचारून राहिले, मुरलीधर, कहाँ का गेहूँ है? मी छाती काढून सांगितलं, आपल्याच भांडाराचा. चौघंही म्हणाले, आज घरवालीला पाठवतो. आता त्या चौघी चार वाजता भांडार उघडलं की तिथं जाऊन तोच गहू मागतीन, अन् तेही माझ्याच नावावर जाईन."

"चौघी?" विभा म्हणाली.

"चौघी."

ती उठली.    तिनं दप्तरातून रुमाल काढला. एका टोकाला गाठ होती, ती काल प्रश्न विचारायच्या आधी नेहमीच्या सवयीनं पुढच्या पोत्यातून घेतलेल्या मुठीची. घरी आल्यावर दुसऱ्या टोकाला तिनं पडद्यामागचा गहू बांधला होता, का ते तिला तेव्हा कळलं नव्हतं. तिनं दोन्ही गाठी सोडल्या आणि बाबांच्या मांडीवरच्या कागदावर, त्या रेघेच्या दोन बाजूंना, दोन ढीग ठेवले. एक करडा, मातीचा, त्यात एक किडा चालत होता. एक पिवळा.

आईनं किडा चिमटीत धरला.

"त्या रेघेवर माझं नाव लिहा, बाबा," विभा म्हणाली.  "विभावरी मुरलीधर घाटोळे, नववी. शिकवलं कोणी नाही, विचारलं मी. अन् माफीच्या ओळीवर काट मारा, ती खोटी आहे. चार वाजता मी येतो तुमच्यासंग. त्या चौघींच्या घरच्यांनी तो गहू खाल्ला आहे, पाच घरांना अफवा कसं म्हणतीन ते? त्या चौघी येतीन तेव्हा मी त्यांच्या पुढं रांगेत उभी राहीन, हा रुमाल घेऊन, अन् तोच प्रश्न परत विचारीन. फक्त या वेळी आधी कार्ड मागीन, अन् ते हातात आल्यावरच तोंड उघडीन."