थांबण्याचा रकाना

"एकेचाळीस सेकंद," मोहनकुमारसाहेबांनी पडद्यावरच्या ओळीवर बोट टेकवलं. "कल्पना मॅडम, एक नोंद बदलायला तुमचा प्रोग्रॅम इतका वेळ खातो. सोमवारपासून हे काम अभिराज बघेल."

व्हाइटफील्डच्या ऑफिसातल्या त्या गार खोलीत कल्पनाअक्का पडद्याकडे वाकल्या. कुठल्या कामाला किती वेळ लागला ते लिहून ठेवणारा डेटाबेसचा हा लॉग त्यांनीच घडवलेला. एखादी नोंद कुणी कुलूप लावून धरली, की बाकीचे दाराशी तिष्ठत उभे. म्हणून त्यांनी हट्टाने तीन रकाने आखले होते: काम किती, थांबणं किती, कोणामुळे थांबलं. बिचाऱ्या थांबणाऱ्याच्या माथी आळस मारू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

पडद्यावर एकच रकाना होता. एकूण वेळ.

"बाकीचे कुठं गेले रे?"

"लॉग फार फुगत होता अक्का, काढले," शेजारी उभा असलेला अभिराज म्हणाला. "मंगळवारी तुम्हीच मंजुरी दिलीत की."

दिली होती. न वाचता. पुण्याहून आला तेव्हापासून आठ वर्षं तो त्यांच्या घरी जेवला, दर शनिवारी बसवनगुडीच्या देवळात त्यांच्या शेजारी बसून कीर्तन ऐकत आला. आपल्या माणसाचं काय तपासायचं?

जागेवर येऊन अक्कांनी रकाने पुन्हा जोडले, आपला आणि अभिराजचा असे दोन्ही प्रोग्रॅम पुन्हा चालवले. ओळ उमटली. काम: सेकंदाचा दहावा भाग. थांबणं: चाळीस सेकंदांवर. कोणामुळे: अभिराजचा प्रोग्रॅम.

तो मागेच उभा होता.

"तुला ठाऊक होतं?"

"निवृत्तीला तुमची दोनच वर्षं राहिलीत अक्का," तो खाली बघत म्हणाला. "माझं अख्खं आयुष्य जायचंय."

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या. ती ओळ त्यांनी साहेबांना पाठवली. उत्तर आलं: बघू, पण सोमवारचं आता बदलत नाही.

शनिवारी संध्याकाळी देवळात बुवा कीर्तनाला उभे राहिले. अक्कांनी सवयीने शेजारी पिशवी ठेवून जागा धरली होती. पूर्वरंग निम्मा झाला, तरी त्यांची नजर दाराकडेच.

"इथं कोण येणार हाय का, अक्का?" कीर्तनाला नेहमी येणाऱ्या इंदिराबाईंनी वाकून विचारलं.

"नाही. बसा."

पिशवी त्यांनी मांडीवर घेतली. बुवांनी नामाचा गजर धरला, टाळ्यांनी मंडप भरून गेला. अक्कांचे हात मात्र पिशवीच्या बंदांवरच राहिले.